घरचं कोरफड जेल पावसात का नासतं, आणि ते विकायचं असेल तर काय करायचं

गोव्यातल्या पेडण्याहून एका मुलीने विचारलंय, तिचा प्रश्न थोडक्यात असा: ती घरी कोरफडीचं जेल, गुलाबपाणी घातलेलं फेस क्रीम आणि उटणं बनवते, त्यात व्हिटॅमिन ई घालते, "केमिकल" काही घालत नाही. एप्रिल-मे मध्ये मोरजी-आश्व्याच्या बाजूला टुरिस्ट लोकांना भरपूर विकलं गेलं. जून लागला आणि जेलला आंबूस वास यायला लागला, क्रीमवर काळे ठिपके आले, एका गिऱ्हाइकाच्या गालावर पुळ्या उठल्या. तिचं म्हणणं, आजी जन्मभर हेच तोंडाला लावत होती, तिला कधी काही झालं नाही, मग माझंच का बिघडतं, आणि प्रिझर्वेटिव्ह न घालता टिकवायचा काही उपाय आहे का.

बाय, तुला तू म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. मी डिचोलीला सोळा वर्षं साबण, बाम आणि तेलं बनवते, आता लायसन्सवर बनवते, पण सुरुवात तुझ्यासारखीच स्वयंपाकघरात झाली होती. म्हणून आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते मग बाकीचं. ज्या वस्तूत पाणी आहे ती प्रिझर्वेटिव्हशिवाय डब्यात भरून विकायची नाही. उपाय नाहीये. फ्रीज हा पण विकायच्या वस्तूसाठी उपाय नाही कारण टुरिस्ट तो डबा बॅगेत घालून उन्हातून फिरणार.

आता तुझ्या आजीचं. आजी कोरफड कशी लावायची ते आठव. परसातलं एक पान कापलं, पिवळा चीक निथळायला थोडा वेळ उभं ठेवलं, सोललं, गर लावला, उरलेला टाकून दिला. कापल्यापासून संपेपर्यंत तासभर सुद्धा नाही. बेसन-दुधाचं पण तसंच, वाटीत कालवलं, लावलं, वाटी धुतली. तिची कोरफड आणि तुझं जेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत गं, तुझं जेल दोन महिने जगायला हवंय आणि त्याच्यात रोज कोणीतरी बोट घालणार आहे.

आणि आजी ज्या गोष्टी साठवून ठेवायची त्या बघ. उटणं, शिकेकाई, रिठा, मुलतानी माती, सगळं कोरडं. नाहीतर तेल. माझी आई दासवणीची (जास्वंदीची) पानं आणि माका घालून तेल कढवायची, आणि कढई कधी उतरवायची हे तिला घड्याळ बघून कळत नव्हतं, कानाने कळायचं. पानांतलं पाणी असेतोवर तेल तडतडतं, आवाज हळूहळू बारीक होत जातो, बुडबुडे कमी होतात, पान चुरचुरीत होतं, मग ती कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवून बघायची. वात तडतडली तर अजून पाणी आहे, शांत जळली तर उतरवायचं. आयुर्वेदात तेल सिद्ध झालं का बघायची हीच खूण आहे. म्हणजे त्या बायका पाणी पूर्ण काढून टाकत होत्या, म्हणून ते तेल पुढच्या पावसापर्यंत टिकायचं. पुरुमेंताला, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीला, आपण कोकमची सोलं, खारं (खारवलेली मासळी), सुकं खोबरं भरून ठेवतो तेव्हा हेच करतो, वाळवतो नाहीतर मीठ लावतो. चेहऱ्याच्या क्रीमबद्दल तोच विचार करायला आपण विसरलो, इतकंच.

जंतूंचं गणित असं आहे. बुरशीचा ठिपका डोळ्याला दिसतो तेव्हा ती आतपर्यंत पसरलेली असते, वरचा थर काढून उरलेलं वापरायचं हे चालत नाही. बॅक्टेरिया तर त्याहून वाईट, एका ग्रॅममध्ये लाखो झाले तरी क्रीम दिसायला पांढरं स्वच्छ असू शकतं, वास नाही रंग नाही. साधारण क्रीमसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ग्रॅममागे १००० आहे आणि डोळ्यांच्या आसपासच्या नाहीतर लहान बाळांच्या वस्तूसाठी १००. तुझ्या गिऱ्हाइकाच्या पुळ्या त्यामुळेच आल्या असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण काळे ठिपके आले म्हणतेस तर तो सगळा माल संशयातच धरायचा. डोळ्यात गेलं असतं तर गोष्ट मोठी झाली असती.

व्हिटॅमिन ई बद्दल बहुतेक सगळ्यांचा हाच गैरसमज असतो. ते अँटिऑक्सिडंट आहे, तेलाला खवट होऊ देत नाही, म्हणजे तेलाचं आयुष्य वाढवतं. जंतूंना ते काहीही करत नाही. नीम, हळद, मध, टी ट्री, हे थोडंफार जंतू मारतात म्हणून लोक प्रिझर्वेटिव्ह म्हणून घालतात पण जितकं घातल्यावर क्रीम खरंच सुरक्षित राहील तितकं घातलं तर टी ट्रीसारख्या तेलाने चेहरा भाजेल. आणि तुला कोणीतरी ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे त्या फळाच्या बियांचा अर्क, विकायला येईल, "नॅचरल प्रिझर्वेटिव्ह" म्हणून. त्याची तपासणी झालेली आहे, बाजारातल्या बऱ्याच नमुन्यांत जंतू मारणारा भाग हा मिसळलेलं सिंथेटिक केमिकल निघाला आणि ज्यात ते नव्हतं त्या अर्काने जंतू मेलेच नाहीत. मी पण एकदा एका सप्लायरकडून असलीच बाटली घेतली होती, लेबलवर नुसतं "वनस्पती अर्क" लिहिलेलं, कागद मागितले तर आज देतो उद्या देतो. ऐन श्रावणात चाळीस डबे फेकले मी. तेव्हापासून कागद दिल्याशिवाय मी कोणाकडून काही घेत नाही, तू पण घेऊ नकोस.

तर मग खरी प्रिझर्वेटिव्ह कुठली. ऑरगॅनिक सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था सुद्धा काही मान्य करतात: सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट, बेंझिल अल्कोहोल आणि डीहायड्रोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची जोडी. म्हणजे "ऑरगॅनिक म्हणजे प्रिझर्वेटिव्ह नाही" हे त्या लोकांचं पण म्हणणं नाही. फिनॉक्सिइथेनॉल त्यांना चालत नाही पण कायद्याने चालतं, जास्तीत जास्त १ टक्का. इथे एक गोष्ट नीट समजून घे कारण बरेच जण इथेच चुकतात. बेंझोएट आणि सॉर्बेट आंबट वातावरणातच काम करतात. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट, तो ५ च्या खाली, साडेचारच्या आसपास असला तर त्यांचं अ‍ॅसिड जंतूच्या आत शिरू शकतं, पीएच ७ ला गेलं की तेच घातलेलं असून नसल्यासारखं. मी लोकांचे जेल तपासलेत ज्यात सॉर्बेट अगदी मापाने घातलंय आणि पीएच साडेसहा. म्हणून पीएच मीटर घे, पट्ट्यांवर फार भरवसा ठेवू नकोस, सायट्रिक अ‍ॅसिडने पीएच खाली आण आणि दोन आठवड्यांनी परत मोज कारण तो सरकतो. त्वचेचा स्वतःचा पीएच साधारण ५ च्या आसपासच असतो त्यामुळे चेहऱ्याला त्याचा त्रास नाही. हो, आणि ताज्या कोरफडीचा गर मिक्सरला लावून जेल करायचं सोडून दे. त्यात साखरी पदार्थ, पानाचे तुकडे, मातीतले जंतू, सगळं असतं, कितीही चांगलं प्रिझर्वेटिव्ह घाल ते पुरं पडत नाही. कॉस्मेटिकसाठी मिळणारा स्थिर केलेला रस नाहीतर पावडर घ्यायची आणि डिस्टिल्ड वॉटर. घरी ऊर्ध्वपातन केलेलं गुलाबपाणी हे सुद्धा पाणीच, त्याच्यात पण जंतू वाढतात.

हे सगळं वाचून घाबरली असशील तर मी तुला खरं काय करायला सांगेन ते ऐक. पहिली दोन वर्षं पाण्याच्या वस्तू बनवूच नकोस. आपल्याकडे बिनपाण्याच्या वस्तूंसाठी जो माल मिळतो तो मुंबई-दिल्लीवाल्यांना हेवा वाटावा असा आहे आणि आपणच त्याला किंमत देत नाही.

मुठेल घे, म्हणजे कोकमच्या बियांचं तूप. कोकमची सोलं करून झाली की बिया उरतात, त्या धुवून उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा. वर तूप तरंगतं, फिकट पिवळसर. ते काढून गार होत आलं की मुठीत दाबून गोळे वळतात. माझी आजी ते गोळे शिंक्यावर ठेवायची आणि भाताच्या लावणीच्या दिवसांत रात्री समईच्या ज्योतीवर गोळा धरून, जरा पाझरला की टाचांच्या भेगांवर घासायची. दिवसभर चिखलात उभ्या राहिलेल्या पायांना दुसरं काही लागत नव्हतं. तेच आज कोकम बटर म्हणून बाहेर चांगल्या भावाने विकलं जातं. साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं म्हणून आपल्या मे महिन्यात पण डब्यात घट्ट राहतं, खोबरेल तेल तर २४ ला वितळतं, त्याचा नुसता बाम केलास तर गोव्यात नऊ महिने ते तेलच असणार. मुठेलात स्टिअरिक अ‍ॅसिड भरपूर असल्यामुळे ते कडक असतं, एकटं लावलं तर ओढतं. मी वजनाने खोबरेल ५० भाग, मुठेल ३०, मधमाशीचं मेण २० असा बाम करते. मेण ६२-६४ अंशाला वितळतं म्हणून आधी मेण डबल बॉयलरवर (उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात), मग मुठेल, शेवटी तेल. भांडं, चमचा, डबी हाडासारखी कोरडी हवी, डबीत एक थेंब पाणी राहिलं तर तिथेच बुरशी धरते. भरल्यावर सावकाश गार होऊ दिलंस तर मुठेलाचे बारीक दाणे होतात, लोकांना वाटतं खराब झालं, म्हणून डब्या पटकन गार कर. घरगुती मुठेलात पाण्याचा अंश राहिलेला असतो, परत मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत गरम करून गाळून घे.

खोबरेल कुठलं घेतेस ते पण बघ. आवेल, म्हणजे ओल्या नारळाचा रस काढून कढवलेलं, वासाला सुंदर असतं पण पाणी राहिलं तर महिन्यात खवट. घाण्याचं तेल खोबऱ्यावर अवलंबून, पावसात धुरावर किंवा गंधकाच्या धुरीवर वाळवलेलं खोबरं असेल तर वास तेलात उतरतो. मी मार्च-एप्रिलमध्ये कडक उन्हात वाळलेल्या खोबऱ्याचं तेल काढून घेते, वर्षभराचं एकदम. आणि ज्यांना मुरुमं येतात त्यांना चेहऱ्यासाठी खोबरेल किंवा खोबरेलाचा बाम देऊ नकोस, छिद्रं बंद होऊन वाढतात. गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगायचं, एक डबी कमी खपली तर खपू दे.

साबण करायचा असेल तर तो प्रिझर्वेटिव्हशिवाय टिकतो कारण त्याचा पीएच ९-१० असतो. पण कॉस्टिक सोड्याशी गंमत नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच ओतायचं नाही, उसळतं. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, त्याच्याशी लागून हायड्रोजन सुटतो. स्टील घे. चष्मा, हातमोजे, मुलं आणि मांजरं घराबाहेर. १ किलो खोबरेलाला पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम सोडा लागतो, पण तेवढा घातलास तर तो साबण त्वचेचं सगळं तेल ओरबाडतो. नुसत्या खोबरेलाचा करणार असलीस तर २० टक्के कमी, म्हणजे १४६ ग्रॅमच्या आसपास घाल, तेवढं तेल मोकळं राहतं. चार ते सहा आठवडे वाळू द्यायचा. आणि हे काम ऑक्टोबर ते मे मध्ये कर. पावसात साबणातलं ग्लिसरिन हवेतली ओल ओढून घेतं, वडी घामाजते, मोकळं राहिलेलं तेल खवट होऊन नारिंगी डाग पडतात. माझ्याकडे आता बंद खोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र, आहे, तो नव्हता तेव्हा मी मे अखेरीस साबण बंद करून कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायची.

उटणं तुझं चालू दे, तेच सगळ्यात सुरक्षित आहे. फक्त आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा हे आणल्यावर परत वाळव, दळून आणलेली हळद घेऊ नकोस, अख्खी घेऊन दळ, कारण बाजारच्या पावडरीत रंगासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचं अनेकदा सापडलंय आणि त्यात शिसं असतं. कॉस्मेटिकमध्ये शिशाची मर्यादा २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २० भाग, आहे. पुडीवर लिही, हवं तेवढंच काढून भिजवा आणि पुडीत ओला हात घालू नका.

तुझ्या लेबलवरचं "नॅचरल आहे म्हणून साइड इफेक्ट नाही" हे वाक्य मात्र आजच काढ. काजूच्या दिवसांत सालीच्या चिकाने बोटांची कातडी निघालेल्या बायका आपल्या सत्तरी तालुक्यात किती बघितल्यात आपण, तो चीक शंभर टक्के नॅचरल आहे. लिंबाचा रस पीएच २ चा, आणि तो लावून समुद्रावर उन्हात गेलं की काळे चट्टे पडतात, फोड सुद्धा येतात. टुरिस्ट लोकांना तर लिंबू, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) घातलेलं काही देऊच नकोस. दालचिनी, लवंगेचं तेल चेहऱ्याच्या वस्तूत नकोच, लव्हेंडरसारखं सौम्य असेल तरी चेहऱ्याला १ टक्क्याच्या आत, म्हणजे १०० मिलीला साधारण २० थेंब. कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा हे प्रत्येक डबीवर हवं. घरी झिंक ऑक्साइड ढवळून सनस्क्रीन कोणी बनवत असेल तर त्याला पण थांबव, पावडर सारखी पसरत नाही, कुठे थर लागतो कुठे नाही, माणूस निर्धास्त होऊन तासभर जास्त उन्हात बसतो आणि भाजतो.

गोरं करणाऱ्या क्रीमच्या वाटेला तर मुळीच जाऊ नकोस. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमला डॉक्टरांना किडनीच्या आजाराचे पेशंट सापडले, धागा निघाला तो फेअरनेस क्रीमपर्यंत, त्यात पारा होता. आपल्याकडे कॉस्मेटिकमध्ये पारा घालायला बंदी आहे, तरी बिनलेबलच्या डब्या फिरतात. तुझ्याकडे कोणी येऊन म्हणेल, ही पावडर तुझ्या उटण्यात घाल, आठ दिवसांत फरक. घेऊ नकोस.

आता लायसन्स, कारण त्याचं तू विचारलंच नाहीस आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. विकण्यासाठी साबण, क्रीम, तेल बनवणं हे १९४० च्या ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स अ‍ॅक्टखाली आणि २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली येतं, हातचं असो की फॅक्टरीचं. गोव्यात ऑफिस बांबोळीला, फूड अँड ड्रग्ज अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. फॉर्म सीओएस-५ वर अर्ज, लायसन्स सीओएस-८ वर मिळतं. अडचण अशी की बनवायची जागा राहत्या घरापासून वेगळी लागते, घराला जोडलेली पण चालत नाही, म्हणजे स्वयंपाकघर बाद. तेवढी जागा नसेल तर लोन लायसन्सची सोय आहे, आधीच लायसन्स असलेल्या युनिटमध्ये तू तुझ्या फॉर्म्युल्याने माल बनवून घेतेस, त्याचा फॉर्म सीओएस-६. लायसन्सची पहिली तीन वर्षं मी तशीच काढली. काही मुली साबणावर एफएसएसएआयचा नंबर छापतात, तो खाण्याच्या वस्तूंचा आहे, साबणाला काही कामाचा नाही. आणि "मुरुम बरे करतं", "एक्झिमा घालवतं" असं लिहिलंस की ते कॉस्मेटिक राहत नाही, औषधात जातं, त्याचं लायसन्स वेगळं. "त्वचा मऊ ठेवतं" एवढंच लिही. ऑरगॅनिक हा शब्द तर तुझ्या शेतकऱ्याकडे सर्टिफिकेट असल्याशिवाय छापू नकोस, परसातला माड कितीही शुद्ध असला तरी.

वहीत प्रत्येक बॅचची नोंद ठेव: तारीख, बॅच नंबर, कुठलं तेल कोणाकडून, किती ग्रॅम, पीएच किती. प्रत्येक बॅचची एक डबी विकायची नाही, कपाटात ठेवायची आणि महिन्याला उघडून बघायची. तक्रार आली की त्या नंबरवरून ती डबी काढायची आणि गरज पडली तर लॅबला द्यायची. तुझ्या त्या गिऱ्हाइकाच्या वेळी तुझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं ना.

या आठवड्यात एवढं कर. जेल आणि क्रीमच्या उरलेल्या सगळ्या डब्या परत घरी आण, दुकानात ठेवायला दिलेल्या पण. आतलं खड्ड्यात ओतून दे, प्लास्टिकच्या डब्या धुवून परत वापरू नकोस, काचेच्या असतील तर उकळून उन्हात वाळव, ऊन पडेल तेव्हा. ज्यांचे फोन नंबर आहेत त्यांना कळव की वापरू नका, पैसे परत दे. पुळ्या आल्या त्या बाईला स्वतः फोन कर आणि स्किनच्या डॉक्टरकडे जाताना डबी बरोबर न्यायला सांग. आणि पाऊस सरला की डिचोलीला ये, मुठेलाचा बाम मी तुझ्याकडून एकदा करून घेते, दाणे न होता गार कसा करायचा ते हाताने केल्याशिवाय कळत नाही.